तुझ्या मापाची रायफल

रायफल घ्यायचं तू मनावर घेतलंस हे ऐकून मला फार बरं वाटलं बघ. कॉलेजात एनसीसीच्या परेडला हातात आलेली पॉइंट टू-टू तू विसरली नाहीस. दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात बिलं आणि चलनं लिहायची, सुटल्यावर जाऊन दहा मीटरवर एअर रायफल धरून उभं राहायचं, हे तू नेटानं चालवलंस. आता पन्नास मीटरला उतरायचं म्हणतेस. सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या आपल्या एमआयडीसीत साठवलेल्या पगाराचं काय करावं हे सांगणारी माणसं प्रत्येक गेटवर भेटतील. मुलीनं रायफल घ्यावी असं त्यातलं कुणी म्हणणार नाही. मी म्हणते, घे. फक्त कोणती घ्यायची ते नीट बोलून ठरवू, कारण ही लाखांतली वस्तू आहे आणि पुढची कित्येक वर्षं तुझ्या गालाला लागून राहणार आहे.

तू पाठवलेले फोटो पाहिले. रायफली देखण्या आहेत. पण तू मला किंमत विचारलीस, वजन विचारलंस, ऑलिंपिकवाला स्वप्निल कुसाळे कोणती वापरतो ते विचारलंस. तुझ्या हाताची लांबी मात्र कुठंच लिहिली नाहीस. माझं सगळं सांगणं तिथूनच सुरू होतं. रायफल तुझ्या अंगाला बसली पाहिजे, आणि काडतूस त्या रायफलच्या नळीला. नावाचा नंबर त्यानंतर.

त्याआधी काकांचं म्हणणं निकालात काढू. ‘घ्यायचीच तर ३१५ घे, शेतावरही कामाला येईल,’ असं ते म्हणतात ना? त्यांनी गावाकडं आयुष्यभर तीच पाहिली आहे, त्यामुळं त्यांचंही बरोबरच वाटतं त्यांना. ३१५ बोअरची बोल्टची रायफल पश्चिम बंगालातल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनते. इंग्रजांच्या काळात सैन्याचं ३०३ काडतूस सामान्य माणसाला बंद होतं, म्हणून हे आठ मिलिमीटरचं वेगळं काडतूस आपल्याकडं रुजलं. ते राखणीचं हत्यार आहे. धक्का जबर, आवाज मोठा, आणि तुझ्या खेळात त्याला जागाच नाही. पन्नास मीटरच्या स्पर्धेत ५.६ मिलिमीटरचं, म्हणजे पॉइंट टू-टू लाँग रायफल हेच काडतूस चालतं. शेतात डुक्कर येतं, काळवीट येतं म्हणून बंदूक हवी हा विचार तर काकांनी मनातून काढूनच टाकावा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. पिकाचं नुकसान झालं तर वनखात्याकडून पंचनामा करून घ्यायचा आणि भरपाई मागायची. खेळासाठी मिळालेल्या परवान्यावरचं शस्त्र खेळालाच वापरायचं, हे त्यांना प्रेमानं पण एकदाच आणि स्पष्ट सांग.

परवान्यात भीतीचं काही नाही, वेळ मात्र जातो. तुझी आताची एअर रायफल ४.५ मिलिमीटरची आणि ठरलेल्या ताकदीच्या आतली, म्हणून तिला परवाना लागत नाही. पॉइंट टू-टू हे कायद्यानं पूर्ण शस्त्र. वय एकवीस पूर्ण हवं, ते तुझं झालंय. तुमचं घर शहराच्या हद्दीत, म्हणजे अर्ज पोलीस आयुक्तालयात. ग्रामीण भागात असतीस तर जिल्हाधिकारी कार्यालयात. २०१६ च्या शस्त्र नियमांत शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला मागितला आहे, तो आधी करून घे. त्याला क्लबचं सदस्यत्व, स्पर्धांची प्रमाणपत्रं आणि संघटनेचं पत्र जोड. तू नेमबाज म्हणून अर्ज करते आहेस हे कागदावर ठसठशीत दिसलं पाहिजे, कारण नेमबाजाला मिळणाऱ्या काडतुसांची मर्यादा वेगळी असते. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं ती आणखी वाढवून दिली. चौकशीला पोलीस घरी येतील, शेजारीपाजारी विचारतील. आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर ती जिन्यात वर्दी बघूनच घाबरेल. आणि परवाना हातात पडेपर्यंत रायफलसाठी कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नकोस, मग तो कितीही ओळखीचा असो.

परदेशी रायफल आणि काडतुसं मागवायचा रस्ता राष्ट्रीय संघटनेतून, एनआरएआयमधून जातो. ही संघटना १९५१ साली उभी केली ती गणेश वासुदेव मावळणकरांनी, जे पुढं लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची मावळणकर स्पर्धा तू खेळायचं म्हणतेस ना, ती त्यांच्याच नावाची. आपलं माणूस आहे या खेळाच्या मुळाशी, हे मला नेहमी धीर देतं.

आता मापं. तू जेमतेम पाच फूट, खांदे अरुंद, पंजा लहान. सामन्यांच्या बहुतेक रायफली जर्मनीतून येतात आणि तिथल्या उंच माणसाच्या अंगाला धरून घडवलेल्या असतात. दस्ता मागेपुढं सरकतो, हे सगळे सांगतील. पूर्ण आत घेतल्यावर तो किती आखूड होतो, हे तू विचारायचं. चापापासून खांद्याच्या प्लेटपर्यंतचं हे अंतर पहिलं बघ. पंजा मुठीवर आरामात ठेवलास की बोटाचं पहिलं पेर चापावर आपसूक आलं पाहिजे. बोट ताणून न्यावं लागत असेल, किंवा मूठ इतकी जाड असेल की हात तिच्यावर बंदच होत नाही, तर ती रायफल तुझी नव्हे. मूठ घासून, बदलून लहान करता येते. दस्ता त्याच्या मर्यादेपलीकडं आखूड होत नाही. ते अंतर जास्त राहिलं की तुझा खांदा पुढं ओढला जातो, मान वाकते, आणि नीलिंगमध्ये थोड्या गोळ्या झाल्या की डोळा साइटच्या मध्यावरून सरकायला लागतो. मग मुली स्वतःलाच दोष देत बसतात की आपलं लक्ष लागत नाही.

गालाची पट्टी तपासायची एक सोपी रीत आहे. डोळे मिट, रायफल खांद्याला लाव, मान सैल सोडून गाल टेकव, आणि मग डोळे उघड. पुढचं वर्तुळ मागच्या छिद्राच्या मधोमध दिसलं तर पट्टी बरोबर. डोकं वर-खाली करून शोधावं लागलं तर पट्टी हलव. हलवून संपली आणि तरी जमलं नाही तर रायफल परत ठेव. हे उभ्यानं, गुडघ्यावर आणि पालथं पडून, तिन्ही पोझिशनमध्ये करून बघ. दुकानदार किंवा विकणारा शूटर घाई करत असेल तर तिथून निघून ये.

वजनाचं तू किलोत विचारलंस. एअर रायफलला साडेपाच किलोची कमाल मर्यादा तुला माहीत आहे. पन्नास मीटरची रायफल त्याहून जड असू शकते. पण किती किलो यापेक्षा ते वजन कुठं बसलंय ते जास्त महत्त्वाचं आहे गं. उभ्यानं मारताना डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकतं. रायफलचा तोल त्या हाडाच्या वर आला तर हाड वजन पेलतं, स्नायू मोकळे राहतात. तोल नळीच्या टोकाकडं झुकलेला असेल तर तू नकळत मागं रेलतेस आणि कंबर धरते. ज्यांचे हात लहान त्यांचा डावा पंजा रायफलवर मागंच पडतो, म्हणून लांब नळी त्यांना आणखी जड जाते. उंच मुलांचं बघून तू नळीच्या तोंडाशी वजनं अडकवू नकोस. सुरुवातीला सगळी काढूनच ठेव.

म्हणून तू आटोपशीर रायफल मागते आहेस ते अगदी योग्य आहे, आणि त्यात अचूकपणा कमी होईल ही तुझी भीती सोडून दे. टू-टूच्या काडतुसात दारू किती असते? चिमूटभरसुद्धा नाही. नळीच्या पहिल्या चाळीस-पन्नास सेंटीमीटरमध्ये तिचा जोर संपतो. त्यापुढची नळी गोळीचा वेग वाढवत नाही. उलट गोळी जितका जास्त वेळ नळीतून प्रवास करते, तितका वेळ हात हलायला मोकळा असतो. लांब नळीचा खरा लाभ पुढच्या आणि मागच्या साइटमधल्या अंतराचा. अंतर जास्त तर नेम धरतानाची बारीक चूक डोळ्याला दिसते. तो लाभ आखूड नळीच्या पुढं पोकळ हलकी ट्यूब बसवून मिळतो, आणि वजन मागं, तुझ्या अंगाजवळ राहतं. अनशुट्झ, वॉल्थर, फाइनवर्कबाउ, तिघांकडंही फिरवून-सरकवून माप जुळवता येणाऱ्या चौकटी मिळतात. नळीची लांबी आणि दस्त्याचं सर्वांत आखूड माप, हे दोन आकडे प्रत्येक मॉडेलचे लिहून घे आणि मग किंमत बघ.

बोल्टबद्दल दोन गोष्टी. सामन्याला साठ गोळ्या, वीस गुडघ्यावर, वीस पालथं पडून, वीस उभ्यानं. म्हणजे साठ वेळा बोल्ट उघडायचा, एकेक काडतूस हातानं ठेवायचं, बंद करायचा, आणि त्यावर सराव गोळ्या वेगळ्या. पालथं पडलेली असताना कोपर न उचलता आणि खांद्यावरची प्लेट न हलवता तुझा हात बोल्टपर्यंत पोचतो का, हे मला सर्वांत जास्त बघायचंय. नुसत्या सरावासाठी रिकामा चाप ओढत जाऊ नकोस. टू-टू ही कडेला बार असलेली जात. रिकाम्या खोलीत पिन सरळ नळीच्या काठावर आदळू शकते आणि तिथं खड्डा पडतो. कंपनीची ड्राय फायरची सोय असेल तीच वापर.

काडतुसाकडं येते, कारण इथंच तुझे पैसे वाया जायची किंवा वाचायची शक्यता जास्त आहे. तू लिहिलंस की ‘भारीतलं टेनेक्स घ्यावं का?’ एली टेनेक्स बर्मिंगहॅमचं, आरडब्ल्यूएस आर-५० जर्मनीचं, लापुआ एक्स-अॅक्ट आणि सेंटर-एक्स मूळ फिनलंडच्या कंपनीचं पण ही बारकी काडतुसं बनतात जर्मनीत, शोनेबेकला. सगळीच उत्तम. पण तुझ्या नळीला कोणतं आवडतं हे डब्यावर लिहिलेलं नसतं. ते लॉटवर ठरतं. तुला हे समजवायला मला लांब जायला नको, आपण दोघी टॉवेलच्याच कारखान्यांत वावरतो. शेड नंबर एकच, सूत एकाच गिरणीचं, तरी दोन लॉटचे टॉवेल शेजारी ठेवले की फरक उघडा पडतो आणि पार्टी माल परत करते. काडतुसाचंही नेमकं तसंच आहे. शिसं, दारू, कडेत भरलेला बार, गोळीवरचं मेण, सगळं एकाच कृतीचं असूनही एक लॉट तुझ्या नळीतून एका जागी जाईल आणि पुढचा पसरेल. शेजारच्या मुलीच्या रायफलला गोड लागलेला लॉट तुझ्या रायफलला चालेल असंही नाही.

तेव्हा करायचं असं. दोन-तीन वेगवेगळ्या लॉटचे थोडे थोडे डबे घे, शक्य झालं तर सीनियर शूटरांकडून वाटून. रायफल शिकंज्यात पक्की बांधून पन्नास मीटरवर दहा-दहा गोळ्यांचे गट मार. लॉट बदललास की आधी पाच-दहा गोळ्या मातीच्या ढिगात सोड, कारण मागच्या लॉटचं मेण नळीत असतं आणि नवं मेण बसेपर्यंत गोळी भरकटते. एकच गट बघून हुरळू नकोस, प्रत्येक लॉटचे चार-पाच तरी गट हवेत. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं आहे आणि गोळी स्वतःच ५.६ ची. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत पंधरा-सोळा मिलिमीटरमध्ये बसणारे गट सातत्यानं येत असतील तर तो लॉट धर, आणि परवान्याच्या मर्यादेत आणि खिशाच्या ताकदीत बसेल तेवढा त्याच नंबरचा घे. सरावाला तीच कंपनी जरा खालच्या दर्जाची चालेल. दोन महागड्या नावांत हेलपाटे मारण्यापेक्षा एका मध्यम काडतुसाचा जुळलेला लॉट तुला जास्त दहा देईल, हे मी अगदी खात्रीनं सांगते.

वेगाच्या मागंही लागू नकोस. ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेले डबे स्वस्त मिळाले तरी नकोत. सामन्याची टू-टू साधारण सेकंदाला ३२० ते ३३० मीटर वेगानं निघते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खाली, आणि ते मुद्दाम. आवाजापेक्षा वेगात निघालेली गोळी वाटेत त्या वेगाखाली उतरताना थरारते आणि गट पसरतो.

सोलापूरच्या उन्हाचं मात्र भान ठेव. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत डिकीत किंवा पत्र्याखाली काडतुसं राहिली की मेण पातळ होऊन एका बाजूला जमतं आणि दारूचा दाबही बदलतो. डबा सावलीत ठेव, रेंजवर पोचल्यावर थोडा वेळ तिथल्या हवेला येऊ दे, पण काडतुसं नळीच्या गरम खोलीत घालून बोलत बसू नकोस. भरलंस की मार, नाहीतर काढून ठेव. आणि आपला कोरडा वारा! ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा पन्नास मीटरवर गोळीला अडीच-तीन सेंटीमीटर बाजूला नेतो, आणि दहा ते नऊ हे अंतर फक्त आठ मिलिमीटरचं. दहा मीटरच्या बंद हॉलमध्ये तुला हे कधी कळलं नाही, आता कळेल. तेजस्विनी सावंतनं २०१० च्या ऑगस्टमध्ये म्युनिकला पालथ्या पोझिशनमध्ये ६०० पैकी ५९७ करून जागतिक विजेतेपद आणलं. कोल्हापूरच्या मुलीनं उघड्या रेंजवर केवळ तीन गुण सोडले, याचा अर्थ तुला वाऱ्यातला पहिला सीझन काढल्यावर नीट उमगेल. तोवर प्रत्येक गोळीबरोबर झेंड्याची दिशा वहीत लिहीत जा.

स्वप्निलचंही तू विचारलंस म्हणून सांगते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिन्ही पोझिशनच्या सामन्यात कांस्य. पात्रता फेरीत तो ५९० गुणांनी सातवा आला होता, फायनलमध्ये ४५१.४. सुरुवातीला मागं होता, उभ्यानं मारायला लागल्यावर वर आला. त्याची रायफल घेऊन तुला ते येणार नाही, कारण ती त्याच्या हाताला जुळलेली आहे. त्याच्याकडून घ्यायचंच तर ते उभं राहणं घे. आणि एनसीसीतून आलेली मुलगी उशिरा सुरुवात करते असं कुणी म्हटलं तर अंजली भागवतांचं नाव सांग. मुंबईत कीर्ती कॉलेजला असताना एनसीसीतूनच त्यांच्या हातात रायफल आली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या फायनलपर्यंत गेली.

पैशाचं अगदी मनापासून सांगू? पहिलं वर्ष क्लबच्या रायफलवर काढ. पुण्यात बालेवाडीला पन्नास मीटरची रेंज आहे, हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी निघून जाता येतं. तिथं जे जे हाती लागेल त्यावर मापं जुळवून बघ आणि प्रत्येक वेळी दस्त्याचा आकडा, पट्टीची उंची, हँडस्टॉपची जागा वहीत नोंदव. परवान्याचे कागद तोवर चालत राहतील. साठवलेल्या रकमेतले सगळे पैसे रायफलमध्ये ओतू नकोस. काडतुसं आणि नीट मापाचं जॅकेट यांना आधीच बाजूला काढ. सगळं रायफलवर संपवलेली मुलगी महिन्याला एक डबा मारते, आणि रायफल कपाटात राहते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. वापरलेली रायफल मिळाली तर वाईट मानू नकोस. नळी किती चालली आहे ते विचार, काडतुसं लावून गट बघ, नळीचं तोंड भिंगातून तपास, आणि हस्तांतर दोघांच्या परवान्यांवर नोंद करूनच घे. उजव्या हाताच्या मुलीनं स्वस्त मिळाली म्हणून डावखुऱ्याची घेऊ नये, एवढं तर तू जाणतेसच.

घरात आल्यावरचंही आत्ताच ठरवून ठेव. बोल्ट वेगळा, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली तुझ्याकडं. लग्नाच्या वरातीत, वाढदिवसाला, कुणाच्या रीलसाठी ती बाहेर निघणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, आणि परवाना तुझ्या नावावर असेल. चुलतभावंडं हट्ट करतील, नुसतं हातात धरू दे म्हणतील. नाही म्हण. चिडली तरी चालेल.

आता येत्या सुट्टीला माझ्याकडं ये. शिवणाची टेप, तुझं एअर रायफलचं जॅकेट आणि ती नोंदवही आण. खांद्यापासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत, पंजाचा घेर, कंबरेच्या हाडापासून हनुवटीपर्यंत, सगळं मोजून एका कागदावर उतरवू, आणि तो कागद समोर ठेवून फोटोतल्या रायफलींचे आकडे एकेक तपासू. बाबांनाही घेऊन ये. कुलपाचं कपाट कुठं बसवायचं आणि भिंतीत कसं ठोकायचं ते मला त्यांच्याशी बोलायचंय.